पेप्टाइड–लिपिड पटल आंतरक्रियांचा वर्णपटीय अभ्यास

पेप्टाइड (ॲमिनो आम्लांची छोटी साखळी) लिपिड पटलावर, म्हणजे मेदरेणूंच्या पातळ पडद्यावर, नुसते टेकते, आत रुतते की आरपार उभे राहते, आणि तसे करताना त्याची घडी कशी बदलते, हे प्रकाशाच्या किंवा रेडिओ तरंगांच्या शोषण-उत्सर्जनावरून ओळखण्याच्या पद्धती. जिवंत पेशीचे पटल फार गुंतागुंतीचे असते. म्हणून बहुतेक प्रयोग लिपोसोमांवर, म्हणजे लिपिडांच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांवर होतात. त्यांचा व्यास बहुधा १०० नॅनोमीटरच्या आसपास ठेवतात. जिवाणूच्या पटलाची नक्कल करायची तर फॉस्फॅटिडिलग्लिसेरॉल हे ऋणभारित लिपिड मिसळतात.

मधमाशीच्या विषातील मेलिटिन हे नेहमीचे उदाहरण. त्यात २६ ॲमिनो आम्ले असून १९व्या जागी एकुलते एक ट्रिप्टोफॅन (जंबुपार प्रकाश शोषून चमकणारे ॲमिनो आम्ल) आहे, त्यामुळे दिसणारा फ्लुओरेसन्स, म्हणजे ही चमक, कुठून येतो याविषयी शंका उरत नाही. पाण्याने वेढलेल्या ट्रिप्टोफॅनचे उत्सर्जन सुमारे ३५० नॅनोमीटरला शिखर गाठते; तेच पटलाच्या तेलकट भागात गेले की शिखर ३३०–३४० नॅनोमीटरकडे सरकते. लिपिड थोडेथोडे वाढवत ही सरक मोजली की पेप्टाइड पटलाला किती घट्ट धरते ते कळते. खोली मोजण्याची युक्ती मोठी सुरेख आहे : लिपिडाच्या शेपटीवर ठरावीक कार्बनापाशी ब्रोमीन जोडतात आणि कोणत्या जागेचे ब्रोमीन ट्रिप्टोफॅनची चमक सर्वांत जास्त विझवते ते पाहतात.

घडी ओळखण्यासाठी वर्तुळी द्विवर्णता, म्हणजे डाव्या व उजव्या वर्तुळी ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक, वापरतात. आल्फा हेलिक्स (मळसूत्री घडी) असेल तर २०८ व २२२ नॅनोमीटरला दोन दऱ्या दिसतात. विरल द्रावणात विस्कळीत असलेले मेलिटिन पटलावर हेलिक्स बनते. मात्र इथेच नवखे फसतात. क्षार व पेप्टाइड पुरेसे असले, तर मेलिटिनचे चार रेणू पाण्यातच एकत्र येऊन हेलिक्स होतात आणि ट्रिप्टोफॅनचे शिखरही सरकते. लिपिडाशिवायचे द्रावण आधी तपासले नसेल, तर हे दोन्ही पुरावे फोल. शिवाय मोठे लिपोसोम जंबुपार प्रकाश विखुरतात, त्यामुळे २०० नॅनोमीटरखालची वक्ररेषा भरवशाची राहत नाही. त्यासाठी लहान लिपोसोम बरे.

अवरक्त वर्णपटात १६००–१७०० सेंमी⁻¹ हा पट्टा घडीविषयी सांगतो. पाण्याचे शोषण नेमके १६४५ च्या आसपास आडवे येते, म्हणून साध्या पाण्याऐवजी जड पाणी (हायड्रोजनाच्या जागी ड्यूटेरियम असलेले) घेतात.

पेप्टाइडाचा कल, म्हणजे ते पटलात उभे की आडवे, हा मात्र घन-अवस्था एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांचे रेडिओ संकेत टिपणाऱ्या पद्धतीने) अधिक थेट दिसतो. मायकेल झॅस्लॉफ यांनी १९८७ मध्ये आफ्रिकी बेडकाच्या त्वचेतून मिळवलेले २३ ॲमिनो आम्लांचे मॅगेनिन हे पेप्टाइड पटलाला समांतर पडून राहते, हे नायट्रोजन-१५ च्या संकेतांवरून दिसले. फॉस्फरस-३१ पेप्टाइडाऐवजी लिपिडांची हकिगत सांगतो : रुंद आकृतीत मधोमध टोकदार शिखर उगवले, तर पटलाचे लहान, वेगाने फिरणारे तुकडे झाल्याचा संशय घ्यावा.

एनएमआरला पेप्टाइड मिलिग्रॅममध्ये लागते आणि सपाट थरांच्या नमुन्यात पाणी कमी असते. फ्लुओरेसन्सचे द्रावण मात्र अतिविरल असते. पेप्टाइड–लिपिड गुणोत्तर बदलले की रेणूचा कलही बदलू शकतो. तेव्हा दोन यंत्रांची उत्तरे जुळली नाहीत, तर आधी हे गुणोत्तर पाहतात.