खाण-चार्टरवरील प्रादेशिक जेट विमानांचे अर्थकारण

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थहून पिलबाराच्या लोहखनिज खाणींवर आणि गोल्डफील्ड्समधील सोन्याच्या खाणींवर कामगारांची चार्टर, म्हणजे पूर्ण भाड्याने घेतलेल्या, विमानाने ने-आण होते. या पद्धतीला 'फ्लाय-इन फ्लाय-आउट', बोलीत 'फायफो' म्हणतात. कामगार आठ दिवस काम व सहा दिवस सुटी, किंवा दोन आठवडे काम व एक आठवडा सुटी, अशा रोस्टरवर असतात. पाळी बारा तासांची. खाणीशेजारी गाव वसवून शाळा-दवाखाने चालवण्यापेक्षा राहण्याचा कॅम्प आणि विमानाची ने-आण खाण कंपन्यांना स्वस्त पडते. या वाहतुकीचा मोठा भार बरीच वर्षे शंभर आसनी फॉकर १०० या विमानाने उचलला. ते बनवणारी डच कंपनी १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढल्या वर्षी उत्पादन थांबले.

इतके जुने विमान टिकण्याचे मुख्य कारण म्हणजे त्याचे मोजके उड्डाणतास. पर्थ ते न्यूमन अंतर हजार किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जाऊन-येऊन साधारण साडेतीन तास. पहाटे एक व दुपारी एक अशा दोन फेऱ्या धरल्या तर दिवसाला सात तास होतात. पण पाळीबदल, म्हणजे कामगारांच्या तुकड्यांची अदलाबदल, मंगळवार ते गुरुवार या दिवसांत दाटतो आणि शनिवार-रविवारी विमाने धावपट्टीकडेला उभी राहतात. आठवड्याला चार भरलेले दिवस मिळाले तर वर्षाचे सुमारे १,४५० तास होतात. प्रवासी मार्गावरचे जेट सहज ३,००० तास उडते.

याचा परिणाम एका काल्पनिक हिशोबातून दिसेल. समजा, नव्या विमानाचे मासिक भाडे अडीच लाख डॉलर आहे आणि जुन्याचा भांडवली बोजा महिना ५० हजार. महिन्याला १२० तास उडवले तर नव्याचा भार तासाला सुमारे २,०८० डॉलर पडतो, जुन्याचा ४२०. फरक १,६६० डॉलरचा. फॉकर ताशी दोन टनांहून अधिक इंधन पिते. नव्या विमानाने त्यातले अर्धा टन वाचवले आणि किलोला एक डॉलर धरला, तरी हाती ५०० डॉलरच येतात. तेच महिन्याला ३०० तास उडवले की भांडवलातला फरक ६७० डॉलरवर येतो, आणि इंधन व देखभालीतली बचत मिळून नवे विमान बरोबरीला पोचते.

करारही याच हिशोबावर बेतलेले असतात. सहसा काही वर्षांचा करार, दरमहा ठरावीक रक्कम आणि त्यावर फेरीमागे किंवा तासामागे दर असतो. इंधनाच्या भावातला चढउतार बहुधा खाण कंपनीकडेच वळवला जातो. त्यामुळे तहानलेल्या इंजिनाची झळ विमान कंपनीला कमी लागते. मात्र पुढच्या निविदेत खाण कंपनी एकूण खर्च तपासते, तेव्हा ती बाब निघतेच. भरलेल्या आसनांची संख्याही येथे वेगळ्या अर्थाने मोजायची: पाळीबदलाच्या दिवशी येणारी आणि जाणारी, दोन्ही खेपा भरतात, आणि खाणीने पूर्ण विमान घेतलेले असल्याने रिकाम्या आसनाचा तोटा तिचाच.

खाण कंपनी तिकिटापेक्षा वक्तशीरपणासाठी पैसे मोजते. सकाळचे विमान बिघडले तर शंभर माणसे पाळीला पोचत नाहीत. शिवाय खाणीवरच्यांनी बारा तास पूर्ण केलेले असल्याने थकव्याच्या नियमांमुळे त्यांना थांबवून घेता येत नाही. म्हणून पर्थला एखादे विमान राखीव ठेवावे लागते. जुने, स्वस्त विमान राखीव ठेवणे परवडते. महागडे नवे विमान तसे उभे ठेवणे कुणाच्याच खिशाला झेपत नाही. निविदा वाचताना ही बाब अनेकदा नजरेतून सुटते.

जुन्या विमानाची खरी डोकेदुखी सुट्या भागांची. रोल्स-रॉइस टे इंजिनातील फिरत्या चकत्यांचे आयुष्य तासांवर नव्हे, उड्डाणचक्रांवर (एक उड्डाण व एक उतरणे म्हणजे एक चक्र) मोजतात. गोल्डफील्ड्ससारख्या जवळच्या खेपांत थोड्याच तासांत चक्रे भराभर संपतात, म्हणून तासागणिक राखून ठेवलेली देखभालीची रक्कम अपुरी पडते. यावर ब्रिस्बेनच्या अलायन्स एअरलाइन्सने काढलेला मार्ग म्हणजे युरोपात निवृत्त होणारी फॉकर विमाने एकगठ्ठा घ्यायची. त्यांतली काही उडवायची, इतरांची इंजिने व भाग काढून वापरायचे. मोठी दुरुस्ती करण्यापेक्षा आयुष्य शिल्लक असलेले इंजिन बदलणे स्वस्त पडते, पण असा साठा कधीतरी संपतोच.

खाणींच्या खासगी धावपट्ट्यांमुळेही विमानाची निवड आखडते. पक्की धावपट्टी ४५ ऐवजी ३० मीटर रुंद असू शकते. डांबराची जाडी हलक्या विमानापुरती असते. सुमारे ४५ टनांचे फॉकर चालते, सत्तर टनांपुढचे एअरबस ए३२० तिथे न्यायचे तर धावपट्टी मजबूत करावी लागते. उन्हाळ्यात पिलबारात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, हवा विरळ होते आणि उड्डाणवजन कमी करावे लागते. त्यातच खाणीवर इंधन महाग किंवा नसतेच, म्हणून परतीचेही पर्थहून भरून न्यावे लागते. हिवाळ्यात पर्थला धुके असले तर पर्यायी विमानतळ दूर असल्याने राखीव साठा आणखी वाढतो. हे सारे वजन शेवटी आसनांतून किंवा सामानातून कापले जाते. फॉकरच्या पुढच्या दारातच शिडी असू शकते व शेपटीतल्या सहायक इंजिनावर वीज मिळते, त्यामुळे खाणीवर फारशी यंत्रसामग्री लागत नाही. एम्ब्रायर १९० या नव्या पिढीच्या जेटला बाहेरची शिडी ठेवावी लागते.

टर्बोप्रॉपचा (पंख्याच्या, जेटपेक्षा संथ विमानाचा) पर्याय जवळच्या खाणींना ठीक आहे. हजार किलोमीटरवर मात्र त्याचा वेळ वाढतो, आणि दिवसातली दुसरी फेरी वैमानिकांच्या कामाच्या मर्यादेत बसवणे अवघड होते. दुसरी फेरी हातची गेली की आसनामागचा खर्च जेटपेक्षाही चढू शकतो.

२०२० च्या साथीत अंतर राखण्यासाठी आसने रिकामी ठेवावी लागली. खाणी चालूच होत्या, त्यामुळे फेऱ्या वाढल्या. त्याच सुमारास अलायन्सने भाव पडलेली वापरलेली एम्ब्रायर १९० विमाने घेतली: आधीचीच युक्ती, फक्त विमान नव्या पिढीचे. क्वांटास समूहाच्या नेटवर्क एव्हिएशनने मध्यमवयीन एअरबसचा रस्ता धरला आहे. व्हर्जिन ऑस्ट्रेलियाने मात्र २०२४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील फॉकरच्या जागी कोरी एम्ब्रायर १९०-ई२ मागवली. कमी तासांवर हा जमाखर्च जुळवायचा तर करार लांब मुदतीचे आणि आठवडाअखेरीसही विमानाला काम देणारे हवेत.