ब्रुकलिनचा फोन आणि ‘ग्रे’ कॅमेरा

२००० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या काही ऑनलाइन दुकानांत कॅमेऱ्याची किंमत इतर सगळीकडच्यापेक्षा शेकडो डॉलरने कमी दिसायची. ऑर्डर दिली की ईमेल यायचा: पडताळणीसाठी फोन करा. फोनवरचा माणूस आधी पत्ता विचारी, मग बॅटरी. ‘सोबतची वीस मिनिटंही टिकत नाही, मोठी घ्या.’ मग चार्जर, मग पट्टा. खरं तर या तिन्ही वस्तू कंपनीच्या खोक्यातच यायच्या. दुकानदार त्या काढून वेगळ्या विकायचा. गिऱ्हाईक बधलं नाही, तर तासाभरापूर्वी तयार असलेला माल अचानक संपायचा.

ही युक्ती इंटरनेटच्या आधीची. फोटोग्राफीच्या अमेरिकन मासिकांच्या मागच्या पानांवर टपालविक्रीच्या बारीक अक्षरातल्या जाहिराती असत, तिथेच ती मुरली. आमिष-जाहिरातींविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं तिकडे १९५९ पासून आहेत.

सगळ्यात जास्त घोळ घातला तो ‘ग्रे मार्केट’ या शब्दाने. आपल्याकडे ग्रे म्हटलं की बिनबिलाचा, कस्टम चुकवून आलेला माल डोळ्यांपुढे येतो. मुंबईत बोराबाजारात कॅमेरा घेताना ‘बिलात की बिनबिलात’ हा प्रश्न ठरलेलाच असे. अमेरिकेत अर्थ वेगळा: माल अस्सल, कर भरलेला, फक्त अधिकृत वितरकाला वगळून आणलेला, म्हणून कंपनीची तिथली वॉरंटी नाही. १९८८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की परदेशी उत्पादक आणि अमेरिकेतला ट्रेडमार्कधारक एकाच मालकीचे असतील, तर असा माल कस्टमने अडवायचा नाही. जपानी कॅमेरा कंपन्यांना हे झोंबलं. ग्राहकाला माल स्वस्त मिळतो, म्हणून निकाल योग्यच होता, असं मला वाटतं. पण त्याचा फायदा भलत्यांनीच उठवला. आधी ‘ग्रे’ हा शब्द लपवून किंमत पाडायची आणि मग फोनवर त्याचाच बागुलबुवा करायचा: ‘तुम्ही मागवलेला जपानी मॉडेल आहे, मेनू जपानीत येईल, अमेरिकन हवा तर इतके डॉलर जास्त.’ वॉरंटी नसल्याची सूचना दुकानात लावण्याची सक्ती न्यूयॉर्क राज्याने केली होती, पण फोनवरच्या गिऱ्हाइकाला ती पाटी कुठून दिसणार?

२००५ च्या अखेरीस एका छायाचित्रकाराने अशाच एका दुकानातून सुमारे ३,००० डॉलरला कॅनन ५डी कॅमेरा मागवला आणि जोडवस्तू घ्यायला नकार दिला. ऑर्डर फिसकटली. हे जाहीर लिहिणार म्हटल्यावर त्याला कोर्टात खेचण्याची धमकी मिळाली. त्याने लिहिलंच, आणि काही दिवसांत लाखोंनी वाचलं. किंमत-तुलनेच्या संकेतस्थळांनी दुकानाला यादीतून काढलं. ग्राहक आधीच सावध होऊ लागले होते: एका हौशी माणसाने ब्रुकलिनमध्ये फिरून अशा दुकानांच्या पत्त्यांचे फोटो काढले होते. झगमगीत संकेतस्थळांच्या मागे बंद शटर, गोदामं, पाटी नसलेली दारं निघाली. एकाच धंद्याची चार-चार नावं असायची. एक बदनाम झालं की दुसरं पुढे. पुढे राज्याने काही दुकानांवर खटलेही भरले.

भारतात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीविरोधी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यातल्या १३ प्रकारांत आमिष दाखवून माल बदलणं आहे आणि ग्राहकाच्या नकळत टोपलीत वस्तू घालणंही आहे. पण या यादीचा रोख पडद्यावरच्या मांडणीवर आहे. ब्रुकलिनचा खरा गळ ऑर्डरनंतरच्या फोनवर टाकला जायचा.