दवाखान्याचं सॉफ्टवेअर बदलताय? आधी हे वाचा

डॉक्टर, तुमच्याकडे केसपेपर एका सॉफ्टवेअरमध्ये असतील, हिशेब टॅलीत, मेडिकलचा स्टॉक तिसरीकडे, लॅबचे रिपोर्ट चौथीकडे आणि अपॉइंटमेंट व्हॉट्सअ‍ॅपवर. टीबीचा पेशंट आला की त्याच्या नोंदीचं सरकारी निक्षय पोर्टल वेगळंच. एकातली माहिती दुसऱ्यात जात नाही, म्हणून रिसेप्शनवर तेच नाव, वय, मोबाइल पुन्हा पुन्हा टाइप होतं. त्यात एकच पेशंट कुठे ‘शिंदे’, कुठे ‘शिन्दे’ होतो आणि त्याची जुनी हिस्ट्री सापडत नाही.

सगळं मोडून एकच मोठं सॉफ्टवेअर घ्या, असं आम्ही सांगत नाही. पण नवीन काहीही घेताना पहिला प्रश्न हा विचारा: उद्या हे सोडायचं ठरवलं तर आमचा डेटा कसा मिळेल? ‘पीडीएफ देऊ’ असं उत्तर आलं तर थांबा. हजारो पीडीएफ नुसत्या वाचता येतात, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरता येत नाहीत. एक्सेल किंवा सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) हवी, तीही औषध, डोस, तारीख असे वेगळे रकाने असलेली. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या मराठी नोंदी बऱ्याचदा युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये असतात. तशाच हलवल्या तर पत्त्याच्या जागी निरर्थक अक्षरं उमटतात. तारखांचंही तसंच: ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे आधी ठरवलं नाही तर लसीकरणाचं वेळापत्रक चुकतं.

दुसरा प्रश्न ‘आभा’चा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ साली देशभर सुरू झालं. त्यातला पेशंटचा आरोग्य-ओळख क्रमांक म्हणजे आभा, तो १४ अंकी असतो. तो घेतला की रिपोर्ट सरकारकडे जमा होतात, हा गैरसमज आहे. नोंदी तुमच्याकडेच राहतात आणि पेशंटच्या संमतीनेच दुसरीकडे दिसतात. विक्रेता ‘आमचं आभाला जोडलेलं आहे’ म्हणाला तर कुठवर, ते विचारा. या जोडणीचे तीन टप्पे आहेत: एम-१ म्हणजे फक्त क्रमांक काढणं आणि पडताळणं. नोंदी पाठवायला एम-२ लागतो, दुसरीकडच्या बघायला एम-३.

दाखल पेशंटच्या नोंदी तीन वर्षं जपणं आणि मागणी आल्यास ७२ तासांत देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे नवीन चालू झालं तरी जुनं लगेच बंद करू नका.

आमच्याकडे येताना वीस-पंचवीस पेशंटच्या नोंदी नावं आणि मोबाइल नंबर काढून आणा. त्या नवीन सॉफ्टवेअरमध्ये भरून आणि परत बाहेर काढून दाखवतो. पैशांचं त्यानंतर बोलू.