नवा गेम घेण्याआधी: दर्जा कसा पारखावा, किंमत कशी जोखावी

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच: "हा गेम आत्ता घेऊ, की थांबू?" नुसत्या नावावरून त्याचं उत्तर देता येत नाही. तुमच्याकडे कोणतं यंत्र आहे, तुम्ही कसं आणि किती खेळता, आणि गेम आज कोणत्या अवस्थेत आहे, यावर ते ठरतं. तोच गेम एकाला पूर्ण किमतीत रास्त पडतो आणि दुसऱ्याला अर्ध्या किमतीतही महाग. म्हणून या पत्रकात घ्यायच्या गेमची यादी नाही, पारखायच्या पद्धती आहेत.

प्री-ऑर्डर

डिजिटल गेमचा साठा संपत नाही. रिलीजच्या दिवशी घ्या किंवा महिन्याने घ्या, गेम मिळतोच. प्री-ऑर्डरवर (रिलीजआधीच पैसे भरून केलेल्या नोंदणीवर) मिळणारी भेट बहुतेक वेळा एखादा पोशाख किंवा सुरुवातीचं हत्यार असते आणि दोन-तीन तासांत तिचा उपयोग संपतो. त्यामुळे डिजिटल प्रतीची प्री-ऑर्डर करू नका, असाच सल्ला आम्ही देतो. मर्यादित संख्येत निघणारा डिस्कचा खास संच हवा असेल, तर गोष्ट वेगळी.

महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना काही दिवस आधी खेळू देण्याची पद्धत आता रुळली आहे. त्यात एक बारकावा आहे: एप्रिल २०२४ पासून 'स्टीम' या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात हा आधीचा खेळवेळही रिफंडच्या, म्हणजे पैसे परत मिळण्याच्या, दोन तासांच्या मर्यादेत मोजला जातो.

ट्रेलर पाहताना खालची बारीक अक्षरं वाचा. दृश्य गेमच्या इंजिनमध्ये (गेम ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यात) तयार केलेलं आहे, एवढंच लिहिलं असेल, तर खेळताना तेच दिसेल असा त्याचा अर्थ होत नाही. निदान पंधरा मिनिटांचं, न कापलेलं, पडद्यावर नकाशा आणि आरोग्याची पट्टी दिसत असलेलं चित्रण मिळालं, तरच त्यावरून मत बनवा. आणि ते कोणत्या यंत्रावर टिपलं आहे, हेही बघा. 'सायबरपंक २०७७' १० डिसेंबर २०२० रोजी आला, तेव्हा आधी बाहेर पडलेले रिव्ह्यू पीसीवर खेळून लिहिलेले होते. समीक्षकांना स्वतः टिपलेलं चित्रण दाखवायलाही मनाई होती. जुन्या कन्सोलवरची दुरवस्था लोकांना पैसे भरल्यावर कळली. आठवडाभरात सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला आणि जून २०२१ मध्ये परत ठेवला. पुढे त्याच गेमवर भरपूर काम झालं आणि आज तो आवर्जून घ्यावा असा आहे. पण पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्याच्या हाती आजचा गेम पडला नव्हता.

तुमच्या यंत्रावर तो चालतो का

पीसीवर खेळणाऱ्यांनी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. नवा गेम परत करावा लागण्याचं मूळ बहुधा इथेच असतं.

स्टोअरच्या पानावर 'किमान' आणि 'शिफारस' अशा दोन याद्या असतात. 'किमान' म्हणजे बऱ्याचदा सगळी सेटिंग खाली, सेकंदाला ३० फ्रेम (पडद्यावर बदलणारी चित्रं), आणि तेही चित्र कमी रिझोल्यूशनवर बनवून डीएलएसएस किंवा एफएसआर या तंत्रांनी मोठं करून. कोणत्या रिझोल्यूशनला, किती फ्रेम आणि कोणतं सेटिंग, हे यादीत स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर त्या यादीवर विसंबू नका. आपल्याच ग्राफिक्स कार्डवर कुणी केलेली चाचणी शोधा.

चाचणीत सरासरीपेक्षा 'एक टक्का नीचांक', म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग, महत्त्वाचा. समजा सरासरी ७५ फ्रेम आहे आणि एक टक्का नीचांक २२. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० असतील तर ३३.३. इथे वाईट क्षणी एकेक फ्रेम ४५ मिलिसेकंदांपर्यंत लांबते आहे. सरासरी छान दिसते, पण ऐन मारामारीत हिसका बसतो. सरासरी ६० आणि नीचांक ४८ असलेला गेम यापेक्षा कितीतरी सुखाने खेळता येतो.

हिसके का बसतात, हे ओळखता आलं तर गेम ठेवायचा की परत करायचा ते पटकन ठरवता येतं. पहिलं कारण शेडर. शेडर म्हणजे प्रकाश, पाणी, धूर वगैरे रंगवणारे छोटे प्रोग्राम. कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं असल्याने ते आधीच तयार करून देता येतात. पीसीवर मात्र प्रत्येक कार्ड आणि ड्रायव्हरसाठी ते नव्याने तयार करावे लागतात. बनवणाऱ्यांनी हे काम सुरुवातीला उरकलं नसेल, तर एखादा स्फोट पहिल्यांदा दिसतो त्याच क्षणी गेम अडखळतो. याची खूण अशी: तोच स्फोट दुसऱ्यांदा झाला की गेम सुरळीत जातो. ड्रायव्हर अपडेट केल्यावर मात्र हाच त्रास पुन्हा एकदा होऊ शकतो.

दुसऱ्या फेरीतही नेमक्या त्याच दारापाशी, त्याच वळणावर अडखळत असेल, तर दोष शेडरचा नाही. नवा भाग डिस्कवरून मेमरीत आणताना गेमला दम लागतो आहे. गेम हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवून बघा. तरीही तसंच होत असेल, तर तो गेमचाच दोष समजा. सेटिंग कितीही खाली आणली तरी तो सहसा जात नाही, पॅचची, म्हणजे बनवणाऱ्यांनी दिलेल्या दुरुस्तीचीच वाट पाहावी लागते.

तिसरं कारण ग्राफिक्स कार्डची मेमरी. अर्धा तास छान चालून मग फ्रेम कोसळतात, किंवा भिंतींवरचे पोत धुरकट दिसू लागतात. ८ जीबी मेमरीच्या कार्डावर नव्या गेममध्ये टेक्श्चर (हेच पोत) सर्वोच्च ठेवलं की हे हमखास दिसतं. आधी टेक्श्चर एक पायरी खाली आणा, बाकी काही बदलू नका, आणि गेम बंद करून पुन्हा सुरू करा. बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं.

पहिले दोन तास

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळवेळ २ तासांच्या आत असेल तर रिफंड मिळतो. एपिकच्या ऑनलाइन दुकानातही बहुतेक गेमना हीच मर्यादा आहे. जीओजीवर मुदत ३० दिवसांची असून गेम खेळलेला असला तरी चालतो. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवस मिळतात, पण डाउनलोड सुरू केलं की सर्वसाधारणपणे हक्क जातो, म्हणून तिथे आपोआप डाउनलोडचं सेटिंग आधी बंद ठेवा. निन्टेन्डोच्या ई-शॉपवर घेतलेला डिजिटल गेम सहसा परत होत नाही, त्यामुळे तिथे डेमो असेल तर तो खेळूनच ठरवा.

स्टीमवरचे दोन तास वाया कसे जातात, ते सांगतो. शेडर तयार होत असलेला पडदा, पात्राचा चेहरा घडवण्यात गेलेली चाळीस मिनिटं, मुख्य मेनूवर ठेवून जेवायला गेलेला वेळ, हे सगळं खेळवेळात मोजलं जातं. म्हणून पहिली दहा मिनिटं सेटिंगला द्या, पात्र तयार मिळेल ते घ्या आणि पहिल्या मोकळ्या मैदानात किंवा गजबजलेल्या ठिकाणी लवकर पोहोचा. बंद खोलीतल्या सुरुवातीच्या धड्यावरून गेम कसा चालतो ते कळत नाही. दीड तासाला थांबून निर्णय घ्या.

रिव्ह्यू वाचण्याची रीत

स्टीमवरचे '७५ टक्के' म्हणजे शंभरपैकी पंचाहत्तर गुण नव्हेत. शंभरातल्या पंचाहत्तर जणांनी 'घ्या' म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. कुणालाच फारसा न आवडलेला पण कुणाला न खटकलेला गेम तिथे ९० टक्क्यांवर जाऊ शकतो, आणि मोजक्यांना वेड लावणारा ७० वर राहतो.

एकूण टक्केवारी आणि गेल्या ३० दिवसांची टक्केवारी शेजारी ठेवून बघा. एकूण कमी आणि ताजी जास्त असेल तर दुरुस्ती झाली आहे. उलट असेल तर एखाद्या अपडेटने काहीतरी बिघडवलं आहे. मग नापसंतीचे रिव्ह्यू उघडा आणि लिहिणाऱ्याचा खेळवेळ वाचा. दोन तासांच्या आतला माणूस गेम चालतो कसा ते सांगतो. वीस-तीस तास खेळलेला गेममध्ये पुढे काही उरतं का ते सांगतो. आम्ही स्वतः दुसऱ्या गटातले नापसंतीचे रिव्ह्यू आधी वाचतो, कारण इतका वेळ देऊन निराश झालेला खेळाडू सहसा नेमकं बोलतो.

रिव्ह्यूंचा एकदम पूर आला असेल तर त्यामागचं कारण शोधा. मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २' च्या पीसी खेळाडूंवर प्लेस्टेशन खात्याची सक्ती येणार म्हटल्यावर नापसंतीचा लोंढा आला आणि काही दिवसांत सोनीने ती सक्ती मागे घेतली. तक्रार पूर्णपणे रास्त होती, पण ती गेममधल्या लढाईबद्दल नव्हती.

किंमत

मोठ्या गेमची मूळ किंमत २००५-०६ च्या सुमारास ६० डॉलरवर स्थिरावली, २०२० पासून ७० होऊ लागली, आणि २०२५ मध्ये 'मारिओ कार्ट वर्ल्ड' ८० डॉलरला आला. महागाई धरली तर २००६ चे ६० डॉलर २०२४ मध्ये ९० च्या वर जातात. तेव्हा आकडा वाढला म्हणून लूट झाली, असं म्हणता येत नाही. खेळाडूंची खरी तक्रार वेगळी आहे आणि आम्हाला ती पटते: किंमत वाढवल्यावरही गेम तुकड्यांत विकला जातो. त्याच २०२५ मध्ये 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपेडिशन ३३' ५० डॉलरला आणि 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' २० डॉलरला आला, आणि दोन्हींचं तोंडभर कौतुक झालं. किंमत आणि दर्जा हातात हात घालून चालतातच असं नाही.

हिशेब करायचा तर असा करा. मूळ किमतीत, कथा पूर्ण होण्यासाठी लागणाऱ्या डीएलसीची (वेगळ्या विकल्या जाणाऱ्या जोड-भागाची) किंमत मिळवा. त्याला तुम्ही खरोखर खेळाल त्या तासांनी भागा, जाहिरातीतल्या तासांनी नव्हे. 'हाऊ लाँग टू बीट' या संकेतस्थळावर मुख्य कथा, कथा अधिक इतर कामं, आणि सगळं संपवणं असे वेगवेगळे आकडे मिळतात. बहुतेकांना पहिले दोनच लागू पडतात. ७० डॉलरचा शंभर तासांचा गेम तुम्ही तिसाव्या तासाला सोडणार असाल, तर तासाला २.३३ डॉलर पडले. २० डॉलरचा बारा तासांचा गेम संपवलात तर १.६७. पण तास हेच एकमेव माप धरू नका. २००७ चा 'पोर्टल' तीन-चार तासांत संपतो आणि त्यात एक मिनिटही भरताड नाही.

सवलतीची पाटी मूळ किमतीवरून टक्के दाखवते, म्हणून 'इज देअर एनी डील' किंवा 'स्टीमडीबी' या संकेतस्थळावर आजवरची सर्वांत कमी किंमत बघा. आजची किंमत तिच्या जवळपास असेल तर घ्या. स्टीमचे मोठे सेल वर्षातून चार वेळा, ऋतूंप्रमाणे येतात. तिथे किंमत वाढवल्यावर ३० दिवस सवलत देता येत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी भाव चढवून सूट दाखवण्याचा प्रकार होत नाही. मात्र थांबण्याने सगळीकडे फायदा होत नाही. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम फारसे उतरत नाहीत. 'फॅक्टोरिओ' कधीच सवलतीत आला नाही. उलट जानेवारी २०२३ मध्ये त्याची किंमत ३० वरून ३५ डॉलर झाली. असा गेम आवडत असेल तर आजच घ्यावा.

अर्ली ॲक्सेसमधल्या, म्हणजे अपुरा असतानाच विकायला ठेवलेल्या, गेमला आज जेवढं तयार आहे तेवढ्याचेच पैसे द्या. 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० पासून ऑगस्ट २०२३ पर्यंत अर्ली ॲक्सेसमध्ये होता आणि पूर्णत्वाला गेला. अनेक गेम जात नाहीत. अपडेटच्या तारखा बघा. सहा महिने शांतता असेल तर थांबा.

गेमच्या आतली दुकानं

आतलं चलन मुद्दाम विषम गठ्ठ्यांत विकलं जातं. वस्तू १२०० नाण्यांची, गठ्ठे १००० आणि २२०० चे. मोठा गठ्ठा घ्यावाच लागतो आणि उरलेली १००० नाणी पुढची खरेदी करायला लावतात. किंमत ठरवताना संपूर्ण गठ्ठ्याचे पैसे धरा.

नशिबावरच्या पेट्यांचं (पैसे देऊन उघडायच्या, आत काय निघेल ते माहीत नसलेल्या) गणित मुलांना नक्की समजावून सांगा. हवी ती वस्तू निघण्याची शक्यता १ टक्का असेल आणि शंभर पेट्या उघडल्या, तर वस्तू नक्की मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात शंभर पेट्या उघडणाऱ्या दर शंभर जणांतले सुमारे ३७ रिकाम्या हातानेच राहतात. 'गेन्शिन इम्पॅक्ट' मध्ये पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे आणि ९० प्रयत्नांत एक पंचतारांकित गोष्ट मिळण्याची हमी आहे. अशी हमी असेल तर खर्चाची कमाल मर्यादा तरी काढता येते. नसेल तर हात आखडता घ्या. फुकट गेममध्ये फक्त पोशाख विकत असतील तर आमची हरकत नाही. पूर्ण किंमत घेऊन वर ताकद विकणं अन्यायाचं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' मधल्या पेट्यांवर एवढा गहजब झाला की रिलीजच्या तोंडावर ईए या प्रकाशक कंपनीला आतली पैशांची खरेदी थांबवावी लागली.

गेम तुमच्याकडे किती दिवस राहील

सतत इंटरनेट लागणारा गेम सर्व्हर असेपर्यंतच चालतो. २०१४ चा 'द क्रू' ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाला आणि त्यातलं एकट्याने खेळण्याचं कथानकही गेलं. 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ रोजी ४० डॉलरला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. तिथे पैसे तरी परत मिळाले. ऑफलाइन चालतो का, हे घेण्याआधी विचारा.

डिस्कच्या बाबतीत खोक्यावर डाउनलोड आवश्यक असल्याची सूचना आहे का ते बघा. स्विच २ च्या 'गेम-की कार्ड' मध्ये गेम नसतोच. तो डाउनलोड करावा लागतो, खेळताना कार्डही आत लागतं. ते पुढे विकता येतं, ही जमेची बाजू. वापरलेली डिस्क घेताना जास्तीचा मजकूर आणि सीझन पासचे (पुढच्या जोड-भागांच्या एकत्र खरेदीचे) कोड पहिल्या मालकाने वापरलेले असतात, म्हणून तुलना करताना साध्या आवृत्तीची किंमत धरा.

आमच्याकडे विचारायला येताना पाच गोष्टी लिहून आणा: ग्राफिक्स कार्डचं पूर्ण नाव आणि त्याची मेमरी, प्रोसेसरचं नाव, रॅम, एसएसडीवरची मोकळी जागा, आणि मॉनिटरचं रिझोल्यूशन. कन्सोल असेल तर मॉडेल आणि त्यात डिस्क बसते की नाही, एवढं पुरे. सोबत तुम्ही शेवटपर्यंत खेळलेल्या तीन गेमची नावं आणा, आणि अर्धवट सोडलेल्या तीनांचीही.