लघुसैनिक

मेजावरच्या रणखेळासाठी जमवलेल्या, हाताने रंगवलेल्या ऐतिहासिक सैन्यांच्या छोट्या आकृत्या. छंदिष्टांच्या तोंडी ‘मिनिएचर’. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम छापले. आजच्या छंदाचे मूळ बरेचसे त्यात आहे.

सर्वाधिक चालणारे माप २८ मिमी. ते तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, कारण डोक्यावर पागोटे असले की उंची फसवते. मोठ्या लढाईला १५ किंवा ६ मिमीच्या आकृत्या घेतात. धातू, प्लास्टिक किंवा रेझिनची आकृती आधी घासून साच्याची रेघ काढायची, मग प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर), मूळ रंग, घड्यांत उतरणारा पातळ वॉश आणि शेवटी उंचवट्यांवर कोरडा ब्रश, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेला. पोळ्याला मातीचे बैल रंगवलेल्या हाताला यात नवे फार नाही; ब्रश तेवढा शून्य नंबरचा.

खानदेशात खरी अडचण उन्हाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा स्प्रेचा प्रायमर हवेतच वाळून आकृतीवर रव्यासारखा खरखरीत बसतो. म्हणून तो सकाळी लवकर मारावा. अॅक्रिलिक रंग बशीत सुकू नये म्हणून डबीत ओला स्पंज, त्यावर बेकिंग पेपर आणि त्यावर रंग ठेवतात.

विषयांना तोटा नाही. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडची इंग्रज आणि शिंदे-भोसले यांच्यातली असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३) जगभरच्या खेळाडूंची आवडती. त्याच वर्षी ऑक्टोबरात असीरगड इंग्रजांकडे गेला, २७ फेब्रुवारी १८१८ ला थाळनेरचा किल्ला पडला, जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्यातल्या भाडोत्री अरब शिपायांनी शस्त्रे ठेवली. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली.

इंग्रजी पलटण रंगवणे त्यामानाने सोपे: एकदा लाल कोट ठरला की पन्नास आकृत्या एका दमात होतात. तोड्याची बंदूक आणि जंबिया (वाकडा खंजीर) बाळगणारा अरब किंवा तीरकामठा घेतलेला भिल्ल यांना गणवेशच नव्हता. प्रत्येकाचे पागोटे, उपरणे, कातडीचा रंग वेगळा द्यावा लागतो; सगळे एकसारखे रंगवले की तुकडी खोटी दिसते.

आकृती ज्या चकतीवर उभी असते त्या बेसवर फेव्हिकॉल लावून रेती चिकटवतात. असई पावसाळ्याच्या अखेरची, तिथे हिरवे गवत शोभते. थाळनेरच्या आकृतीखाली मात्र तापीकाठची कोरडी रेतीच हवी.