तार डोक्यावर का गेली?

३१ मे २०२५ला इंदूरची मेट्रो सुरू झाली. पुढे काही दिवसांनी आत्याला गांधीनगर स्टेशनवर घेऊन गेलो, तर तिने आधी वर पाहिलं. "अरे, हिची तार कुठंय?" आत्याचं लहानपण मुंबईत, दादरला गेलेलं. विजेची गाडी म्हणजे डोक्यावर तार आणि तारेला टेकलेला दांडा, हेच तिच्या मनात पक्कं. आमच्या मेट्रोला तार नाही. रुळांशेजारून गेलेल्या तिसऱ्या रुळातून ती ७५० व्होल्टची वीज घेते.

गंमत अशी की विजेच्या गाड्यांची सुरुवातही जमिनीवरूनच झाली होती. तार वर गेली ती नाइलाजाने.

१८७९मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात वेर्नर सीमेन्सने एक छोटं इंजिन फिरवून दाखवलं. त्याला वीज मिळायची मधल्या रुळातून. १८८१मध्ये बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला खरीखुरी प्रवासी ट्राम सुरू झाली, तेव्हा मधला रूळही गाळला. दोन चाकांखालचे दोन रूळ, एक धन, एक ऋण, मध्ये १८० व्होल्ट. एका वेळी एकाच रुळावर पाय पडला तर फारसं बिघडत नाही. पण रस्ता ओलांडणाऱ्या घोड्याला हे कोण सांगणार? त्याचे पाय दोन्ही रुळांवर पडायचे, खुरांना लोखंडी नाल, आणि जनावर बिथरायचं.

मग वीज वर न्यायचं ठरलं, पण साधी तार टांगायला अजून कुणी धजावलं नव्हतं. व्हिएन्नाजवळ मॉडलिंगला १८८३मध्ये आणि फ्रँकफुर्ट-ओफेनबाख मार्गावर १८८४मध्ये खांबांवर चिरा असलेल्या नळ्या बसवल्या. नळीच्या आत एक तुकडा सरकायचा आणि गाडी त्याला दोरीने ओढत न्यायची. अमेरिकेत काहींनी दोन तारांच्या वर चिमुकला गाडा चालवून पाहिला. तो अधूनमधून खाली पडायचा.

दुसरी वाट होती रस्त्याखालच्या चरातून वीज घेण्याची. तार दिसत नाही, शहर देखणं राहतं. भारतातली पहिली विजेची ट्राम १८९५मध्ये मद्रासला याच पद्धतीने धावली. पण तिथला पाऊस! चर पाण्याने भरायचे. शेवटी तिथेही तार वरच टांगावी लागली.

खरी सोय लावली फ्रँक स्प्रेगने, १८८८मध्ये अमेरिकेतल्या रिचमंडमध्ये. गाडीच्या टपावर स्प्रिंग लावलेला लांब दांडा, टोकाला खोबणीचं चाक. हे चाक तारेच्या वर नाही, तर खालून दाबून धरलेलं. तार जरा खालीवर झाली तरी स्प्रिंग सांभाळून घेते. चढउतारांच्या त्या गावात गाड्या धावल्या आणि मग दोन वर्षांत शंभरावर ठिकाणी या धर्तीची कामं सुरू झाली किंवा ठरली. दुसरी तारही लागली नाही: वीज मोटरमधून चाकांत, चाकांतून रुळांत आणि रुळांवाटे वीजघराकडे परत.

अर्थात सगळीच वीज इतकी आज्ञाधारक नसते. रुळांचे सांधे नीट जोडलेले नसले, तर ती जमिनीतून वाट काढते, वाटेत पाण्याचा नळ भेटला की त्यात शिरते आणि जिथून बाहेर पडते तिथलं लोखंड कुरतडते. म्हणून सांध्यांवर तांब्याच्या पट्ट्या आल्या. ही चोरटी वीज आजच्या मेट्रोवाल्यांनाही मोजत बसावी लागते.

आमची मेट्रो खांबांवरून जाते. तिथे ना घोडा, ना गाय, ना रस्ता ओलांडणारी माणसं. म्हणून वीज पुन्हा चाकांजवळ उतरू शकली.

मुंबईत विजेची ट्राम १९०७ ते १९६४ धावली. दादर टीटीमधलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. आत्याला तिथलं एवढंच लख्ख आठवतं: गाडी परत फिरायची वेळ आली की कंडक्टर दोरी ओढून दांडा तारेवरून सोडवायचा आणि अर्धा वळसा घालून पलीकडे लावायचा.