सेक्शन की चॅनल? जुन्या पिकअपचे इंच नेमके कुठून कमी होतात

१९५० च्या सुमाराची अमेरिकन पिकअप मुळातच उंच असते. शेव्हरोलेने १९४७ ते १९५५ या काळात काढलेल्या 'ॲडव्हान्स डिझाइन' मालिकेतल्या पिकअप घ्या किंवा फोर्डची १९४८ ते १९५२ मधली एफ-१ घ्या. दाराचा पत्रा भरपूर, त्यावर काचेची पट्टी बेताची, आणि हे सगळे चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, वर ठेवलेले. शेतावरून धान्याची पोती आणण्यासाठी बनवलेल्या गाडीला ते शोभते, पण हौसेने गाडी घडवणाऱ्याच्या डोळ्यांना ती फुगलेल्या पावासारखी दिसते. त्यामुळे ती बुटकी करण्याची खटपट अमेरिकेत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात, सत्तरहून अधिक वर्षे चालू आहे. त्या खटपटीतल्या दोन रीती, सेक्शन आणि चॅनल, एकमेकींशी इतक्या सर्रास गल्लत होणाऱ्या आहेत की गाडी विकणाऱ्यालाही पुष्कळदा आपल्या गाडीवर यांपैकी काय झाले आहे ते सांगता येत नाही.

आधी तिसऱ्या एका रीतीला बाजूला करू. 'चॉप' म्हणजे टप खाली आणणे: काचांभोवतीचे खांब कापायचे, त्यांतून ठरलेले इंच काढायचे आणि टप पुन्हा जोडायचा. यात काचा आखूड होतात, काचेखालचे दार मात्र होते तसेच राहते. हे लांबूनही ओळखू येते, म्हणून गोंधळ सहसा याचा नसतो.

गोंधळ असतो तो पुढच्या दोन रीतींचा. दोन्हींमध्ये काचांची उंची बदलत नाही, दोन्हींमध्ये टप जमिनीच्या जवळ येतो, आणि चार इंचांचे काम केले तर तो दोन्हींमध्ये चारच इंच खाली येतो. सस्पेन्शनला हात लावलेला नसतो. फरक आहे तो हे चार इंच कुठून काढले यात. सेक्शनमध्ये ते पत्र्यातून जातात. गाडीच्या अंगाभोवती, कमरपट्टा काढून घ्यावा तशी, एक आडवी पट्टी कापून काढतात आणि वरचा भाग खालच्या भागाला जोडतात. चॅनलमध्ये बाहेरच्या पत्र्याचा एक इंचही जात नाही. केबिन चासीवरून उचलतात, तिचा तळ कडेने कापून मोकळा करतात, केबिन चासीच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरवतात आणि तळ आत चार इंच वर नेऊन पुन्हा जोडतात. पायजमा तसाच ठेवून नाडी वर बांधण्याचा हा प्रकार आहे, तर सेक्शन म्हणजे पायजमा मधूनच कापून शिवणे.

यातूनच प्रमाणाचा खरा प्रश्न उभा राहतो. समजा, दाराच्या खालच्या कडेपासून काचेच्या तळापर्यंत २८ इंच पत्रा आहे आणि त्यावर १४ इंच काच आहे. म्हणजे पत्रा काचेच्या बरोबर दुप्पट आहे. चार इंच सेक्शन केल्यावर पत्रा २४ इंच उरतो, काच १४ च राहते. गाडी सडपातळ दिसू लागते, काचा मोठ्या केल्यासारख्या वाटतात, आणि खालची कड रस्त्यापासून पूर्वी होती तितकीच वर राहते. चार इंच चॅनल केल्यावर मात्र २८ ला १४ हेच प्रमाण कायम राहते. अंग तेवढेच जाड, फक्त जमिनीकडे सरकलेले. जी चासी खालून डोकावत होती ती आता पत्र्याआड गेलेली. जाडजूड माणूस खुर्चीवरून उठून पाटावर बसला तर तो बुटका दिसतो, बारीक दिसत नाही, तसेच हे आहे.

म्हणूनच माझे मत असे की, १९४७ नंतरच्या फुगीर अंगाच्या पिकअपवर नुसते चॅनल करणे बहुधा निराशा करते, कारण जिथे मेद आहे तिथे सुरी लागतच नाही. याउलट १९२८ ते १९३१ ची मॉडेल ए फोर्ड पिकअप घ्या. तिचे अंग आधीच सडपातळ आहे आणि ते चासीवर उंच बसलेले आहे. तिथे पत्रा कापण्यात अर्थ नाही, चॅनलच योग्य. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॉट रॉडवाल्यांमध्ये, म्हणजे जुन्या गाड्या हौसेने वेगवान करून घडवणाऱ्यांमध्ये, या काळच्या गाड्यांना चॅनल करण्याची रीत खूप रुजली. त्या गाड्यांचे मडगार्ड चासीला बोल्टने बसवलेले असल्यामुळे अंग खाली गेले की मडगार्ड आणि अंग यांचा मेळ तुटतो, आणि पुष्कळ जणांनी तो प्रश्न मडगार्ड काढूनच टाकून सोडवला.

१९५३ ते १९५६ च्या फोर्ड एफ-१०० मध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे पुढचे मडगार्ड, बोनेट आणि केबिन एकमेकांना धरून असतात, त्यामुळे चॅनल करताना पुढचा सगळा मुखडा केबिनबरोबर खाली जातो. चाके मात्र चासीला बांधलेली, ती जागीच राहतात. परिणामी मडगार्डची कमान टायरवर उतरते, टायरचा बराच भाग झाकला जातो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर आतून घासू लागतो. सेक्शनमध्ये कापाची रेषा कमानीच्या वरून नेली तर कमान होती तिथेच राहते आणि चाक पूर्वीइतकेच दिसते. इंजिनाचा तिढा मात्र दोन्हीकडे सारखा आहे: इंजिन चासीवर आहे तिथेच, आणि बोनेट चार इंच खाली. एअर क्लीनर बोनेटला टेकतो आणि रेडिएटर आखूड करावा लागतो.

मेहनतीच्या बाबतीत मात्र तुलनाच नाही. चॅनलचे वेल्डिंग बहुतेक तळाला असते. ते गालिच्याखाली झाकले जाते, तिथे जोड थोडा खडबडीत राहिला तरी चालतो. सेक्शनचा जोड गाडीच्या ऐन दर्शनी भागावर येतो आणि तो सगळीकडून फिरतो: केबिनच्या दोन्ही बाजू, मागची भिंत, इंजिन आणि केबिन यांमधली भिंत, दोन्ही दारांचे बाहेरचे आणि आतले पत्रे, मडगार्ड, बोनेटच्या बाजू, शिवाय मागच्या हौद्याच्या दोन बाजू आणि फाळका. सलग वेल्डिंग करत गेलात तर पत्रा तापून त्याला पोट सुटते. म्हणून जाणकार कारागीर इथे एक टाका, तिथे एक टाका असे लांब लांब टाके मारत, मधे पत्रा निवू देत पुढे सरकतो, आणि हे दिवसेंदिवस चालते.

त्याहून मोठी पंचाईत वळणाची. पिकअपचे अंग वरून खाली सरळ नसते, मधे फुगलेले असते. जिथे पत्रा तिरपा उतरतो तिथून पट्टी काढली तर वरची कड आणि खालची कड समोरासमोर येतच नाहीत, एक आत तर दुसरी बाहेर पडते. त्यामुळे पट्टी पत्रा जवळजवळ उभा असलेल्या पट्ट्यातूनच काढावी लागते. ती सगळीकडे एकाच उंचीवर असली पाहिजे असे नाही. दारावर एका पातळीला आणि मडगार्डवर दुसऱ्या पातळीला कापता येते, फक्त काढलेले इंच सगळीकडे तितकेच हवेत. कुलपाची आणि बिजागऱ्यांची जागाही या हिशोबात धरावी लागते. कापण्याआधी काढायच्या पट्टीएवढी रुंद मास्किंग टेप गाडीभर चिकटवून लांबून पाहण्याची जी सवय आहे ती याचसाठी: टेपखाली काय काय येते ते तिथेच उघड होते. चार इंचांची टेप दाराच्या मुठीवर आली की माणूस बहुधा तीन इंचांवर तडजोड करतो.

या कामात कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या व्हॅली कस्टम या गॅरेजचे, म्हणजे नील एमरी आणि क्लेटन जेन्सन या जोडीचे नाव आजही आदराने घेतले जाते, ते त्यांच्या सेक्शनच्या सफाईमुळे. पिकअपपुरते बोलायचे तर सर्वांत गाजलेले उदाहरण 'रॉड अँड कस्टम' मासिकाचे संपादक स्पेन्सर मरे यांच्या 'ड्रीम ट्रक'चे. ती १९५० ची शेव्हरोले पिकअप होती. तिचा टप चॉप केलेला आणि अंग सेक्शन केलेले होते. दोन्ही एकत्र केल्यामुळे पत्रा आणि काच यांचे प्रमाण फारसे न ढळता सगळी गाडीच चेपली गेली. १९५८ मध्ये प्रदर्शनाला नेताना रस्त्यात अपघात होऊन ती मोडली. पुढे कित्येक वर्षांनी ती पुन्हा उभी करण्यात आली.

समोर उभ्या असलेल्या गाडीवर यांपैकी काय झाले आहे हे ओळखायचे असेल तर आत बसून उपयोग नाही, कारण डोके आणि टप यांतले अंतर दोन्हीत सारखेच घटते, आणि पाय दोन्हीत सारखेच लांब पसरावे लागतात. दार उघडून उंबरठा पाहावा. चॅनल केलेल्या गाडीत दाराची खालची कड तळाच्या बरीच खाली असते, त्यामुळे तळ उंबरठ्यावरून पायरीसारखा वर उठलेला दिसतो. सेक्शन केलेल्या गाडीत उंबरठा आणि तळ कारखान्यातून आले तसेच असतात. मग दाराची काच खाली करून पाहावी. दार उथळ झालेले असेल आणि काच उतरायला आत जागा उरली नसेल तर ती पूर्ण खाली जात नाही, दोनतीन बोटे वर राहतेच. अशा गाडीच्या चालकाला कोपर खिडकीत टेकवून बसायचे तर काचेच्या कडेवर फडके घालावे लागते.